फोटॉनचा अतिरिक्त कार्यभार

दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर का ढकलतात? लोकविज्ञानाच्या पुस्तकांतलं ठरलेलं उत्तर असं: दोन होड्यांत दोन माणसं उभी आहेत. एकजण जड चेंडू फेकतो, दुसरा झेलतो, आणि होड्या एकमेकींपासून लांब सरकतात. चेंडू म्हणजे फोटॉन. उत्तर झकास आहे, पण मग धन आणि ऋण प्रभार एकमेकांना ओढतात ते कसं, असं एखाद्या चौकस पोरानं विचारलं की चेंडू पाण्यात पडतो. फोटॉनकडे हे काम आलं कसं, ते मुळापासून पाहिलेलं बरं.

सुरुवात शार्ल कुलाँपासून करू. १७८५ मध्ये या फ्रेंच इंजिनिअरनं बारीक तारेला एक आडवी काडी टांगली, काडीच्या टोकाला भेंडाची गोळी लावली आणि शेजारी दुसरी गोळी ठेवून दोन्ही प्रभारित केल्या. गोळ्या एकमेकींपासून ३६ अंशांवर जाऊन थांबल्या. मग तारेला वरून पीळ देत त्यानं त्या १८ अंशांवर आणल्या, तेव्हा एकूण पीळ भरला १४४ अंश. अंतर निम्मं, बल चौपट. साडेआठ अंशांवर आणल्या तेव्हा पीळ ५७५ अंशांच्या वर गेला. व्यस्त वर्गाचा नियम हाती आला. मधल्या मोकळ्या जागेतून हे बल पोचतं कसं, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

त्याचं पहिलं धड उत्तर फॅरडेच्या बलरेषांनी आणि १८६५ च्या मॅक्सवेलच्या निबंधानं दिलं. प्रभाराभोवती क्षेत्र असतं, आणि त्या क्षेत्रातली खळबळ प्रकाशाच्या वेगानं पसरते. किंबहुना प्रकाश म्हणजे तीच खळबळ. बल आणि प्रकाश यांची सोयरीक जुळली ती इथे. पुढचं सगळं याच सोयरिकीतून आलेलं आहे.

१९०५ मध्ये आइन्स्टाइननं प्रकाश पुंजांच्या रूपात येतो असं मांडलं. त्या पुंजांना फोटॉन हे नाव चिकटलं ते १९२६ मध्ये, गिल्बर्ट लुइस या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञामुळे. त्याच्या कल्पनेतला फोटॉन निर्माण होत नव्हता की नष्ट होत नव्हता. कल्पना मागे पडली, नाव राहिलं. दुसऱ्याच वर्षी डिरॅकनं विद्युतचुंबकीय क्षेत्रालाच पुंजवाद लावला आणि फोटॉन हवे तसे जन्मू आणि मरू लागले.

तरीही कुलाँचं बल अजून फोटॉनच्या खात्यात नव्हतं. फर्मीच्या मांडणीत प्रकाशाचे फोटॉन एका बाजूला होते आणि कुलाँचं बल जुन्या रूपात वेगळं काढून ठेवलेलं होतं. हिशेबाची ती पद्धत आजही बिनचूक चालते, हे चेंडूवाल्यांनी लक्षात ठेवावं. पण १९३२ मध्ये बेथे आणि फर्मी यांनीच दाखवलं की दोन इलेक्ट्रॉनांमधला सगळा व्यवहार एका फोटॉनच्या देवाणघेवाणीतूनही मांडता येतो. जपानच्या युकावानं १९३५ मध्ये हाच विचार अणुगर्भाला लावला: तिथलं बल अगदी थोड्या अंतरापुरतं चालतं, म्हणजे ते वाहणारा कण जड असला पाहिजे, इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट.

या देवाणघेवाणीच्या चित्रात फोटॉनसाठी काढतात ती नागमोडी रेघ मात्र फाइनमनची. १९४९ च्या त्याच्या निबंधात दोन इलेक्ट्रॉनांच्या दोन रेघा आहेत आणि त्यांना जोडणारी एक नागमोडी. पुढे ती पाठ्यपुस्तकांत गेली, आणि लोकांना तिच्यात उडणारा चेंडू दिसू लागला. खरं तर ती रेघ म्हणजे एका लांबलचक बेरजेतलं एक पद. तिच्या दोन्ही टोकांना एकेक प्रभार असतो आणि हिशेबात त्यांचा गुणाकार येतो. दोन्ही प्रभार सारखे असले तर गुणाकार धन, म्हणजे प्रतिकर्षण; विरुद्ध असले तर ऋण, म्हणजे आकर्षण. त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. सजातीय प्रभार दूर ढकलले जातात, उलटं का होत नाही, ते फोटॉनच्या १ या स्पिनवरून ठरतं.

या फोटॉनला ‘आभासी’ म्हणतात, कारण प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा आणि संवेग यांची ठरलेली सांगड तो पाळत नाही. दोन स्थिर प्रभारांमध्ये तो संवेग नेतो, पण ऊर्जा शून्य. कोणत्याही उपकरणात तो एकटा सापडत नाही. ‘दोन प्रभारांमध्ये फोटॉन ये-जा करत असतात’ हे वाक्य म्हणूनच मला जपून वापरावंसं वाटतं. वस्तुमानाची गोष्ट मात्र अगदी मोजता येण्याजोगी आहे. फोटॉनला थोडंसं जरी वस्तुमान असतं, तरी कुलाँचा वर्ग चुकला असता. १९७१ मध्ये विल्यम्स, फॅलर आणि हिल यांनी हे तपासलं: घातांक २ पासून ढळलाच असेल तर सोळाव्या दशांश स्थळावर.

या कुळात एक मुंबईकरही आहे. होमी भाभांनी १९३५ मध्ये केंब्रिजमध्ये इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन या विरुद्ध प्रभारांच्या जोडीचं गणित केलं. ही दोघं फोटॉनची देवाणघेवाण करू शकतात, किंवा एकमेकांना संपवून फोटॉन होतात आणि त्यातून पुन्हा जोडी जन्मते. दोन्ही वाटा हिशेबात घ्याव्या लागतात. जिनिव्हाजवळच्या एलईपी या यंत्रात १९८९ पासून २००० पर्यंत इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या टकरी झाल्या. तिथला झोत किती प्रखर आहे, हे ‘भाभा स्कॅटरिंग’ मोजूनच ठरवलं जात होतं.