‘वेसीनो’ या पदाचा अर्थविस्तार आणि सान फुल्खेन्सिओ येथील परदेशी रहिवासी

स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावर, आलिकान्ते प्रांतात, सेगुरा नदीच्या मुखालगतच्या सखल प्रदेशात सान फुल्खेन्सिओ हे गाव वसलेले आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात कार्ताखेनाचे बिशप, पुढे कार्डिनल झालेले, लुईस बेयुगा यांनी या भागातील दलदलीचा निचरा करवून दोलोरेस, सान फेलिपे नेरी व सान फुल्खेन्सिओ ही तीन गावे उभारली आणि तेथे बाहेरून कुळे आणून वसविली. गावाची स्थापनाच बाहेरून आलेल्यांच्या हातून झाली. या गावात विसाव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्यांदा बाहेरचे लोक आले, आणि ‘गावकरी कोणास म्हणावे?’ हा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

कॅस्टिलियन भाषेत गावकऱ्यास ‘वेसीनो’ म्हणतात. हे पद लॅटिन ‘विकीनुस’ यापासून आले असून त्याच्या मुळाशी ‘विकुस’, म्हणजे वस्ती किंवा वाडी, हा शब्द आहे. बोलीत त्याचा अर्थ केवळ ‘शेजारी’ असा होतो. परंतु कायद्याच्या भाषेत त्यास फार जुना व नेमका अर्थ आहे. जो गावात घर करून राहतो, गावाचे कर व इतर भार सोसतो आणि त्या बदल्यात गावाच्या सामाईक कुरणांचा व पाण्याचा वाटेकरी होतो, तो मध्ययुगीन कॅस्टिलमधील वेसीनो होय. अर्वाचीन काळाच्या आरंभीच्या शिरगणतीतही माणसे न मोजता वेसीनो, म्हणजे कुटुंबप्रमुख, मोजीत. तात्पर्य, या पदाचा आधार जन्म हा नसून वास्तव्य व भार हा होता.

आधुनिक राष्ट्रराज्याने या अर्थाला मुरड घातली. १९८५ च्या स्थानिक शासनविषयक मूलभूत कायद्याने गावातील रहिवाशांचे दोन वर्ग केले: प्रौढ स्पॅनिश नागरिक ते ‘वेसीनो’, आणि अज्ञान स्पॅनिश व्यक्ती तसेच परदेशी ते ‘दोमिसिलियादो’, अर्थात केवळ घर असलेले. १९९६ च्या दुरुस्तीने हा भेद काढून टाकला. तेव्हापासून नगरपालिकेच्या ‘पाद्रोन’ या नोंदवहीत ज्याचे नाव आहे तो, त्याचे राष्ट्रीयत्व कोणतेही असो, वेसीनो ठरतो. वरवर पाहता जुना मध्ययुगीन अर्थच परत आला, असे वाटेल. वस्तुतः तसे झाले नाही. ते का, हे पाहण्यासाठी मताधिकाराचा इतिहास ध्यानी घ्यावा लागतो.

१९७८ च्या राज्यघटनेतील तेराव्या कलमाने परदेशीयांना, परस्परतेच्या अटीवर, नगरपालिका निवडणुकीत मत देण्यास मुभा ठेवली होती, उमेदवारीची नव्हती. फेब्रुवारी १९९२ मध्ये सही झालेल्या मास्ट्रिख्ट कराराने युरोपीय संघाच्या नागरिकांना दोन्ही हक्क दिले. १ जुलै १९९२ रोजी स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने घटनादुरुस्ती आवश्यक असल्याचा निर्वाळा दिला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कलमात ‘ई पासीवो’ ही दोन पदे घालण्यात आली. मत देणे हा ‘सक्रिय’ मताधिकार, तर निवडून येणे हा ‘निष्क्रिय’. ही त्या घटनेची पहिलीच दुरुस्ती होय. तिला पूरक असा निवडणूक कायदा १९९७ मध्ये झाला; त्यामुळे १९९५ ची निवडणूक हुकली आणि १३ जून १९९९ रोजी युरोपीय रहिवाशांनी प्रथम मतदान केले.

या अवधीत सान फुल्खेन्सिओचे रूप पालटले होते. १९८० च्या सुमारास लोकवस्ती दोन हजारांच्या आत होती. २०१० पर्यंत ती दहा हजारांवर गेली आणि नोंदवहीतील परदेशीयांचे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक झाले. त्यांत ब्रिटिश सर्वाधिक, बहुतेक निवृत्त. ते जुन्या गावात न राहता काही किलोमीटरांवरील ला मारीना या नव्या वसाहतीत राहत. रस्ते, दिवे, पाणी व आरोग्यसेवा हे त्यांचे प्रश्न. ते सोडविणारे नगरगृह मात्र जुन्या गावात, आणि तेथील कामकाज कॅस्टिलियनमध्ये. व्हॅलेन्सिया प्रदेशाच्या १९९४ च्या नगरविकास कायद्याने या अस्वस्थतेस धार आणली. त्या कायद्यान्वये जमिनीचा मालक नसलेला विकासकही योजना मंजूर करवून घेऊ शके, आणि मालकांना जमिनीचा अंश सोडून वर रस्ते-गटारांचा खर्चही सोसावा लागे. प्रदेशातील अनेक परदेशी घरमालकांनी युरोपीय संसदेकडे अर्ज केले. संसदेने २००५ व २००९ मध्ये या प्रथेवर टीका करणारे ठराव संमत केले. मत हे घराच्या रक्षणाचे साधन आहे, ही जाणीव अशा रीतीने रुजली. पुढील निवडणुकांत सान फुल्खेन्सिओमध्ये ब्रिटिश नगरसेवक निवडून आले आणि स्थानिक पक्ष आपल्या याद्यांत परदेशी नावे घालू लागले.

तथापि नोंदवहीतील संख्या व मतपेटीतील संख्या यांत अंतर राहिले. युरोपीय रहिवाशाने मतदानाची इच्छा एकदा स्वतंत्रपणे नोंदवावी लागते; अनेकांनी ती नोंदविली नाही. उलट नगरसेवकांची संख्या मतदारांवरून नव्हे, तर एकूण लोकसंख्येवरून ठरते: पाच ते दहा हजारांपर्यंत १३, दहा ते वीस हजारांपर्यंत १७. म्हणजे मत न देणारा परदेशीही नगरगृहातील आसने वाढवितो. ती भरतात मात्र इतर.

२०२० मध्ये ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले, तेव्हा या व्यवस्थेचे खरे अधिष्ठान उघडे झाले. सान फुल्खेन्सिओतील ब्रिटिश रहिवाशाचे घर, कर, नोंद यांत काहीच बदलले नव्हते. तरी त्याचा मताधिकार संघाच्या नागरिकत्वावर न राहता २१ जानेवारी २०१९ रोजी माद्रिद येथे सही झालेल्या द्विपक्षीय करारावर टेकला. आता त्यास तीन वर्षांचे कायदेशीर वास्तव्य दाखवावे लागते व प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने नाव नोंदवावे लागते. मे २०२३ ची निवडणूक या नियमाने झाली.

त्याच प्रदेशातील शेतांत राबणाऱ्या मोरोक्कन मजुराची स्थिती याहून बोलकी आहे. तोही पाद्रोनमध्ये आहे, म्हणून कायद्याने वेसीनो आहे. परंतु त्याच्या देशाशी असा करार नसल्याने तो वर्षानुवर्षे राहूनही मत देऊ शकत नाही. एकाच वहीत, एकाच पदाखाली, निरनिराळ्या हक्कांची माणसे आहेत.

यावरून असे दिसते की १९९६ मध्ये पदाची व्याप्ती वाढली, परंतु त्याचा जुना आशय परतला नाही. मध्ययुगीन वेसीनोचा हक्क त्याच्या भारातून निघे; आजच्या परदेशी वेसीनोचा हक्क दूरच्या राजधान्यांत झालेल्या सह्यांतून निघतो, आणि तेथेच तो काढूनही घेता येतो. सान फुल्खेन्सिओतील ब्रिटिशांनी हे अनुभवाने जाणले. मोरोक्कनांना ते आधीपासून ठाऊक होते. नोंदवहीतील शब्द बदलल्याने माणसाचे स्थान बदलते असे गृहीत धरणाऱ्या अभ्यासकाने या लहानशा गावाचे उदाहरण दृष्टीआड करू नये.