रणभूमीवरील छोटी जनित्रे

युद्धात सैन्याच्या तुकडीला अन्न आणि दारूगोळ्याइतकीच विजेची गरज भासते. बिनतारी संदेशयंत्रे आणि क्षेत्रीय रुग्णालये विजेवाचून चालत नाहीत. आघाडीवर ही वीज सैनिकांनी सोबत वाहून नेलेल्या लहान जनित्रांतून मिळविली जाते. या जनित्रांचे हाताने फिरवायची आणि इंधनावर चालणारी असे दोन मुख्य प्रकार आहेत.

दुसऱ्या महायुद्धात हस्तचलित जनित्रांचा मोठा वापर झाला. अमेरिकेच्या एससीआर-६९४ या संदेशयंत्रासोबत जीएन-५८ हे जनित्र असे. एक सैनिक त्याचे हँडल फिरवी आणि दुसरा संदेश पाठवी. समुद्रात उतरावे लागलेल्या वैमानिकांसाठी एससीआर-५७८ हा संच होता. इंग्रजांच्या हाती १९४१ मध्ये लागलेल्या एका जर्मन संचावरून त्याची रचना घेण्यात आली होती. दोन्ही मांड्यांमध्ये धरता यावा म्हणून तो मध्यभागी निमुळता केलेला होता. त्यात बॅटरी नव्हती. हँडल फिरविताच ५०० किलोहर्ट्झवर संकटसंदेश आपोआप प्रसारित होई. एरियलची तार पतंगाच्या किंवा फुग्याच्या साह्याने उंच चढविली जाई.

इंधनावरील जनित्रांचे महत्त्व ब्रह्मदेशातील चिंडिट मोहिमांत दिसून आले. फेब्रुवारी १९४३ मध्ये ब्रिगेडियर ऑर्ड विंगेट यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ३,००० सैनिक चिंडविन नदी ओलांडून जपानी फळीमागे गेले. त्यांत गुरखा सैनिकही होते. त्यांची रसद विमानांतून टाकली जाई आणि ती बिनतारी संदेशाद्वारे मागवावी लागे. संदेशयंत्र, बॅटऱ्या आणि चार्जिंग इंजिन खेचरांवर लादलेले असे. परतीच्या वाटेवर ज्या गटांकडे संदेशयंत्र उरले नाही, त्यांना विमानाला हाक देता आली नाही व उपासमार सोसावी लागली. मोहिमेवर गेलेल्यांपैकी सुमारे २,२०० जणच परतले. १९४४ च्या दुसऱ्या मोहिमेत खेचरांनी ओरडू नये म्हणून त्यांच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया करण्यात आल्या. इंजिनाचा आवाज मात्र पूर्णपणे दाबता येण्याजोगा नव्हता.

आवाज ही इंधनचलित जनित्राची आजही मोठी अडचण आहे. तापलेले इंजिन उष्णतादर्शक दुर्बिणीला रात्रीही दिसते. बंदिस्त खंदकात त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो. उंचीवर शक्तीही घटते. सुमारे ५,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. त्यामुळे १९८४ पासून भारतीय सेना तैनात असलेल्या सियाचीनसारख्या ठिकाणी साध्या इंजिनाकडून पूर्ण क्षमतेची अपेक्षा ठेवता येत नाही.

इंधनपुरवठा सोपा व्हावा म्हणून अमेरिकेने १९८८ मध्ये रणभूमीवर शक्यतो एकच इंधन वापरण्याचे धोरण स्वीकारले. त्यानंतर आवाज कमी करणारी डिझेल जनित्रे तेथील सैन्यात आली. आता लिथियम बॅटऱ्या आणि घडी घालता येणारी सौर पटले यांची जोड मिळाल्याने जनित्र सतत चालू ठेवावे लागत नाही. ते काही काळ चालवून बॅटऱ्या भरून घेतल्या जातात आणि मग बंद केले जाते. त्यामुळे इंधनाची बचत होते, शिवाय तुकडीचा ठावठिकाणा शत्रूला कळण्याचा धोकाही कमी होतो.