मूल हवं की नको, हे कुणी ठरवायचं?

लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं की "काय मग, गोड बातमी कधी?" हा प्रश्न आपल्याकडे कुणीही कुणालाही विचारू शकतो. विचारणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली, त्यामुळे या प्रश्नाची सगळी रूपं आता तोंडपाठ आहेत. आधी थट्टा, मग काळजी, मग एखाद्या चांगल्या डॉक्टरांचा पत्ता. "आम्ही अजून ठरवलेलं नाही" या उत्तरावर लोक गोंधळतात. यात ठरवायचं काय असतं, असा भाव चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो.

पण या 'ठरवण्याला' मराठीत शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात एका गणिताच्या प्राध्यापकाने केली.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १८८२चा. महर्षी कर्व्यांचा हा थोरला मुलगा. नऊ वर्षांचा असताना, १८९१ साली, त्याची आई राधाबाई बाळंतपणात गेली. पुढे वडिलांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि समाजाचा रोष ओढवून घेतला, हे आपण शाळेत शिकतो. राधाबाईंचं मरण मात्र त्या धड्यात एका ओळीत उरकतं. त्या काळी ते नवलाचं नव्हतंच ना! 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' हा आशीर्वाद होता, आणि आठातल्या कितव्या खेपेला ती सौभाग्यवती स्वतःच जाईल याचा नेम नव्हता. या मृत्यूमुळेच रघुनाथ पुढे त्या कामाकडे वळले, असं मी म्हणणार नाही. माणसाचं आयुष्य इतकं सरळ रेषेत चालत नाही. पण पुढे त्यांनी जे लिहिलं ते वाचताना ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

१९२१ साली रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र उघडलं होतं, म्हणजे आपण जगाच्या फार मागे नव्हतो. हे काम विल्सन कॉलेजला रुचलं नाही आणि १९२५ साली त्यांची तिथली नोकरी सुटली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ साली शंभर रुपये दंड, १९३४ साली दोनशे. दुसऱ्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तो खटला हरले, पण १९३८ साली बाबासाहेबांनी हाच विषय मुंबई विधिमंडळात नेला. पी. जे. रोहम यांनी मांडलेला संततिनियमनाचा तो ठराव तिथेही नामंजूर झाला.

रघुनाथराव आणि मालतीबाई यांना मूल नव्हतं. ते होऊ द्यायचं नाही, हे दोघांनी ठरवलेलं होतं. मला यातला 'दोघांनी' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. नवऱ्याची नोकरी गेली, घरात पैसा नाही, बाहेर नावं ठेवणारे लोक, आणि ज्या बाईला मूल नाही तिच्याविषयी आपला समाज काय बोलतो ते सांगायला नको. नवऱ्याच्या विचारांची किंमत मालतीबाईंनी रोजच्या रोज मोजली असणार. अमोल पालेकरांच्या 'ध्यासपर्व' (२००१) या सिनेमात सीमा बिस्वास यांनी मालतीबाई उभ्या केल्या. तो पाहिल्यावर रघुनाथरावांपेक्षा त्याच जास्त दिवस डोक्यात राहिल्या.

त्या काळात या विषयावर दोन टोकं होती. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटल्या. मुलं कमी असावीत हे गांधीजींना मान्य होतं, पण उपाय एकच – संयम. कर्व्यांना हे साफ नामंजूर. शरीरसुख आणि मूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या सुखावर बाईचाही तेवढाच हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. लोकांना खरा राग आला तो या दुसऱ्या वाक्याचा.

गंमत बघा. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम झाला. ज्यासाठी कर्व्यांनी दंड भरला तेच भिंतीभिंतींवर लाल त्रिकोणासह रंगवलं गेलं. पण वाटेत एक गोष्ट सांडली. कर्व्यांचा प्रश्न होता, या बाईला मूल हवं आहे का? सरकारचा प्रश्न झाला, देशाला किती मुलं परवडतील? आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या कित्येक जबरदस्तीने. एकेकाळी सासू ठरवायची, आता तहसीलदार ठरवू लागला. जोडप्याला विचारलं कुणीच नाही.

त्यानंतर पुरुषांनी अंग काढून घेतलं ते कायमचंच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आहे आणि पुरुष-नसबंदीचं ०.३ टक्के! त्याच पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ आहे. म्हणजे 'अष्टपुत्रा' कधीच मागे पडलं, पण ऑपरेशनच्या टेबलावर अजून बाईच झोपते.

असो. आमचं काय ठरेल ते अजून आम्हालाच माहीत नाही. हवं असं वाटणारे दिवस असतात, नको असं वाटणारेही. पण रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघं यावर बोलतो, कधी भांडतोही, आणि "माझं शरीर आहे, आधी माझं ऐक" असं बायको म्हणते तेव्हा मी ऐकतो. राधाबाईंना असं म्हणण्याची सोय नव्हती. मालतीबाईंना ती होती, पण फार महाग पडली. आम्हाला ती जवळजवळ फुकट मिळाली आहे. गोड बातमी विचारणाऱ्या काकूंना एवढं सगळं सांगत बसणं शक्य नसतं, म्हणून इथे लिहिलं.