आधी भीती विचारा, मग देश

मुलुंड कॉलनीत आमच्या शेजारच्या सिंधी अम्मा दोन गोष्टींना कुणाला हात लावू देत नसत: पापडाचं लाटणं आणि पत्र्याच्या पेटीतला एक पिवळा कागद. १९४८ साली मुंबई प्रांतानं निर्वासितांची नोंदणी सक्तीची केली, तेव्हाचा तो कागद. ‘आम्ही कधी आलो, ते यात आहे, बेटा,’ म्हणत त्या तो पुन्हा घडी घालून ठेवायच्या.

तारखेला एवढं मोल का, ते मला पुढे राज्यघटना वाचताना उमगलं. १९ जुलै १९४८ च्या आधी पाकिस्तानातून आलेल्याला नागरिकत्वासाठी नोंदणी लागत नव्हती. नंतर आलेल्याला अधिकाऱ्यापुढे उभं राहावं लागे. आणि १ मार्च १९४७ नंतर तिकडे गेलेला परत आला, तर त्याच्याकडे परवाना हवा.

माणसाची भीती न बघता कागद बघायची ही रीत फाळणीच्याही आधीची. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि ब्रिटिश सरकारनं इथल्या जर्मन, ऑस्ट्रियन पुरुषांना शत्रूचे नागरिक म्हणून अहमदनगरच्या छावणीत डांबलं. हिटलरच्या तावडीतून सुटून मुंबईत आलेले ज्यूही त्यांत होते. ज्याच्या भीतीनं पळाले, त्याचेच म्हणून पकडले गेले. १९३४ पासून मुंबईत काम करणाऱ्या ज्यू रिलीफ असोसिएशननं त्यांची बाजू मांडली, अनेकांना सोडवलं. काहींना मात्र पुरंदरला पाळतीखाली दिवस काढावे लागले.

१९४२ मध्ये रशियातून निघालेली पोलिश अनाथ मुलं वांद्र्यात आली. पोलंड दोस्त राष्ट्र होतं, म्हणून त्यांना कुणी शत्रू ठरवलं नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूरजवळ वळिवड्याला शाळा, चर्च यांसह पोलिश वसाहत उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसं तिथं राहिली. आपल्या मातीनं त्यांना जपलं, याचा मला अभिमान आहे. पण नगरच्या तारेमागच्या ज्यू माणसाची भीती का कमी होती? पोलिश लोक गेल्यावर वळिवड्यात सिंधी निर्वासित आले. तेच आजचं गांधीनगर.

भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. म्हणून तिबेटींना एक वागणूक, रोहिंग्यांना दुसरी. १९९६ साली चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जगण्याचा हक्क फक्त नागरिकांचा नाही. हा निकाल आता कायद्यात उतरवा. दारात आलेल्याला कशाला भिऊन आलास, हे आधी विचारा. कुठल्या देशाचा, ते मग.