सैन्यात जायचं ठरलं, पण कोणत्या पदावर? फॉर्म भरण्याआधी हे वाचा

छत्रपती संभाजीनगर : कन्नड, सिल्लोड, वैजापूर, पैठण, कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर पहाटे पळणारी पोरं दिसतात. त्यातल्या एखाद्याला विचारलं की कशाची तयारी, तर उत्तर येतं 'आर्मी'. आर्मीत काय, असं विचारलं की म्हणतो 'जीडी'. जीडीच का, याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. मित्राने भरला, अकॅडमीच्या सरांनी भरायला सांगितलं, नेट कॅफेवाल्याने तोच टाकला. पळण्याची तयारी दोन-दोन वर्षं चालते आणि पदाचा निर्णय मात्र दहा मिनिटांत होतो. पुढची चार वर्षं कशी जाणार आणि त्यानंतर हातात काय उरणार, हे त्या दहा मिनिटांवर ठरतं.

आधी चार वर्षांचा हिशोब

१४ जून २०२२ ला केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. तेव्हापासून भूदल, नौदल आणि हवाई दल, तिन्हीकडे जवानाची बहुतेक भरती अग्निवीर म्हणूनच होते. नोकरी चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम करणार, बाकीचे घरी. आधीच्या काळात जवान भरती झाला की पंधरा-सतरा वर्षांनी पेन्शन घेऊन गावी यायचा. काका-मामांचं बघून जी कुटुंबं आजही तसंच होईल असं धरून चालतात, त्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा.

पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के सेवानिधीसाठी कापले जातात. म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,००० येतात, चौथ्या वर्षी २८,०००. जेवढे कापले तेवढेच सरकार टाकतं आणि चार वर्षांनी व्याजासह साधारण ११ लाख ७१ हजार रुपये मिळतात, त्यावर आयकर नाही. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. मनाने मध्येच सोडून येता येत नाही. खास परवानगीने सोडलंच, तर फक्त आपला कापलेला पैसा परत मिळतो, सरकारचा वाटा मिळत नाही.

विमा ४८ लाखांचा आहे आणि त्यासाठी पगारातून काही कापत नाहीत. ड्युटीमुळे मृत्यू आला तर ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान वेगळं. हे आकडे फक्त कागदावरचे नाहीत. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचे अग्निवीर अक्षय गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना शहीद झाले. ड्युटीवर जीव गमावलेले ते देशातले पहिले अग्निवीर. त्यानंतर कुटुंबाला काय मिळतं याची चर्चा देशभर झाली, तेव्हा लष्कराने हीच रक्कम जाहीर केली होती. कुटुंबाला महिन्याची पेन्शन मात्र या योजनेत नाही. आई-बापाने सही करण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

पगार सारखाच, काम वेगळं

एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. जीडी असो, टेक्निकल असो, क्लर्क असो की ट्रेड्समन, अग्निवीराचा मूळ पगार एकच आहे. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स यातही फरक नाही. फरक पडतो तो पोस्टिंगच्या ठिकाणाप्रमाणे मिळणाऱ्या भत्त्यांत. म्हणजे 'जास्त पगाराचं पद' असं काही नाहीच. मग निवड कशावर करायची? आपले मार्क, आपले विषय, आपलं अंग, आणि चार वर्षांनी गावी आल्यावर उपयोगी पडेल असं काय शिकून येऊ, यावर.

जनरल ड्युटीला दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात. उंची आपल्या भागासाठी १६८ सेंटीमीटर. जागा सगळ्यात जास्त इथेच असतात आणि गर्दीही इथेच. इन्फंट्रीत गेला तर मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला. तोफखान्याचं एक केंद्र नाशिक रोडला आहे, रणगाड्यांचं अहिल्यानगरला. कुठली रेजिमेंट मिळेल हे त्या वेळच्या जागांवर ठरतं. 'आपल्याला मराठाच पाहिजे' म्हणून हट्ट धरून काही होत नाही. ज्याला खरोखर बंदूक घेऊन सीमेवर उभं राहायचंय, अंगात दम आहे, त्याच्यासाठी जीडीसारखं दुसरं पद नाही. पण फक्त नोकरी पाहिजे म्हणून जीडी भरणाऱ्याने पुढचं वाचावं.

टेक्निकलला बारावी सायन्स लागतं, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि इंग्रजीसह एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४०. दहावीनंतर ठराविक ट्रेडचा आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्यांनाही संधी आहे. उंची १६७. आपल्या जिल्ह्यात आयटीआय केलेली पोरं भरपूर आहेत. वाळूज आणि शेंद्र्याच्या कंपन्यांत ती कंत्राटावर जातात, आणि त्यातली बरीच आर्मीचा फॉर्म भरताना तरीही जीडीच निवडतात. हा त्यांचा तोटा आहे. गाडी दुरुस्ती, इलेक्ट्रिकल, रेडिओ असल्या कामावर चार वर्षं घालवलेला पोरगा बावीस-तेविसाव्या वर्षी परत आला, तर एमआयडीसीच्या गेटवर त्याच्याकडे दाखवायला अनुभव असतो. जीडीवाल्याकडे शिस्त असते, पण बहुतेक ठिकाणी त्याला सिक्युरिटीचीच नोकरी दाखवतात.

क्लर्क किंवा स्टोअर कीपरला बारावीला कुठलीही शाखा चालते, पण एकूण ६० टक्के, प्रत्येक विषयात ५०, आणि इंग्रजी व गणित किंवा अकाउंट्समध्येही ५० पाहिजेत. उंची फक्त १६२. टायपिंगची चाचणीही असते. उंचीत दोन-चार सेंटीमीटरने जीडीतून बाहेर पडणारा, पण कॉमर्सला चांगले मार्क असलेला पोरगा इथे बसू शकतो. गावात असे बरेच असतात आणि 'माझी हाइट बसत नाही' म्हणून आर्मीचा नाद सोडून देतात.

ट्रेड्समनबद्दल घरोघरी नाक मुरडलं जातं. स्वयंपाकी, शिंपी, धोबी, न्हावी ही कामं दहावी पासवर, आणि मेस कीपर, हाउस कीपर ही आठवी पासवरही मिळतात. 'पोराला आर्मीत भांडी घासायला पाठवायचं का,' असं आजीच म्हणते. पण वर्दी तीच, पगार तोच, विमा तोच. हॉटेलचं काम येणाऱ्या पोरासाठी शेफचा ट्रेड काही वाईट नाही. फक्त आत गेल्यावर पद बदलून मिळेल या आशेवर ट्रेड्समन होऊ नये.

नेव्ही आणि एअर फोर्स आपल्यासाठी नाही का?

मराठवाड्यात समुद्र नाही, म्हणून नेव्हीचा विचारच होत नाही. नेव्हीत एसएसआरला बारावी गणित-फिजिक्ससह ५० टक्के, एमआरला दहावी ५० टक्के. प्रशिक्षण ओडिशात आयएनएस चिल्का इथे. उंची १५७ सेंटीमीटर चालते आणि १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत पळायचं असतं. एअर फोर्समध्ये तर पुरुषांना सात मिनिटं मिळतात. तिथे बारावीला ५० टक्के आणि इंग्रजीतही ५० लागतात. सायन्स नसलं तरी एक गट खुला आहे. प्रशिक्षण बेळगावला.

अडचण पळण्याची नाही, पेपरची आहे. आर्मीची ऑनलाइन लेखी २०२५ पासून मराठीतही देता येते. नेव्ही आणि एअर फोर्सचा पेपर हिंदी-इंग्रजीत असतो आणि इंग्रजी हा वेगळा विषय असतो. ज्याचं गणित-इंग्रजी बरं आहे आणि पळणं साधारण आहे, त्याने आर्मीच्या मागे तीन वर्षं घालवण्यापेक्षा इकडे बघावं. मुलींसाठीही हे महत्त्वाचं. आर्मीत मुलींना अग्निवीर म्हणून मिलिटरी पोलिसात जाता येतं, तिथे जागा थोड्या असतात. नेव्ही आणि एअर फोर्समध्ये त्यांना जास्त दारं उघडी आहेत.

ग्राउंडचं गणित

आर्मीत आता आधी लेखी, मग ग्राउंड. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत आला तर ६० गुण, पावणेसहात आला तर ४८. २०२५ पासून सव्वासहा मिनिटांपर्यंत येणाऱ्यालाही घेतात, पण गुण कमी होत जातात. दहा बीम मारले तर ४० गुण, सहा मारले तर १६. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स फक्त पार करायचे. मेरिट लेखी आणि ग्राउंड दोन्हीवर लागतं, त्यामुळे फक्त पळण्यावर भरवसा ठेवणारा मागे पडतो. एनसीसीच्या सर्टिफिकेटचे जादा गुण असतात. कॉलेजात एनसीसी असेल तर ती आधीच घ्या, भरतीच्या वर्षी आठवून उपयोग नाही.

मेडिकलला जाताना कानातला मळ काढून जा, ही साधी गोष्ट पण पोरं तिच्यात अडकतात. टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे चालतो. दंडावर, मानेवर गोंदवलं असेल तर अडचण आहे. जत्रेत गोंदवून घेण्याआधी विचार करा.

कायमची नोकरी हवी असेल तर

मग अर्धसैनिक दलं बघा. बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ ही सेना नाही, गृह मंत्रालयाची दलं आहेत. भरती कर्मचारी निवड आयोगाच्या जीडी कॉन्स्टेबल परीक्षेतून होते. दहावी पास, वय १८ ते २३, मूळ पगार २१,७०० आणि त्यावर महागाई भत्ता. नोकरी साठाव्या वर्षापर्यंत. उंची १७० लागते आणि पाच किलोमीटर २४ मिनिटांत पळावं लागतं. परीक्षा मराठीतही देता येते. इथे जातीनिहाय आरक्षण आहे, सैन्यात जवानांच्या भरतीत ते नाही.

महाराष्ट्र पोलीस आणि राज्य राखीव पोलीस दल हा दुसरा रस्ता. पोलीस शिपायाला बारावी लागते, आणि वयोमर्यादा खुल्या गटाला २८, मागासवर्गीयांना ३३. इथेच चार वर्षांचा हिशोब जुळवता येतो. अठराव्या वर्षी अग्निवीर झालेला पोरगा बावीसला बाहेर येतो, पोलीस भरतीला त्याच्याकडे अजून सहा वर्षं असतात. पण दहावीवर गेला आणि बारावी केलीच नाही, तर तो रस्ता बंद. म्हणून दहावीवर जाणाऱ्याने नोकरीत असतानाच मुक्त विद्यालयातून बारावी करून घ्यावी, अग्निवीरांसाठी तशी सोय ठेवलेली आहे. केंद्राने अर्धसैनिक दलांत माजी अग्निवीरांसाठी १० टक्के जागा आणि वयात सवलत २०२२ मध्येच जाहीर केली. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस संपू लागतात, तेव्हा या जागांसाठी खरी रांग लागेल.

दहावीतल्या पोरांच्या आई-वडिलांनी

जवान होण्याआधी अधिकारी होता येईल का, हा प्रश्न घरात विचारलाच जात नाही. संभाजीनगर शहरातच राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, १९७७ पासून. दहावीनंतर मुलांना तिथे प्रवेश परीक्षा आणि मुलाखतीवर घेतात, अकरावी-बारावी करताना एनडीएची तयारी करून घेतात. अर्ज दहावीत असतानाच भरायचा असतो. निकाल लागल्यावर चौकशीला गेलात तर उशीर झालेला असतो. मुलींसाठी अशी संस्था नाशिकला सुरू झाली आहे. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि वयाची खिडकी साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस एवढीच. ती हुकली तर पदवीनंतर सीडीएस आहे.

फॉर्म आणि पैसे

अर्ज 'जॉइन इंडियन आर्मी'च्या सरकारी वेबसाइटवर भरायचा. २०२५ पासून पात्रता असेल तर दोन पदांसाठी अर्ज करता येतो, तेव्हा टेक्निकल किंवा क्लर्कला बसणाऱ्याने ते आणि जीडी असे दोन्ही टाकावेत. वयाच्या अटी बदलतात, त्या वर्षीच्या जाहिरातीतल्या जन्मतारखा स्वतः वाचा. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख ही दहावीच्या सर्टिफिकेटवर आणि आधारवर एकसारखी आहेत का, हे फॉर्मच्या आधी तपासा. रहिवासी आणि जातीचा दाखला सेतूतून आधीच काढून ठेवा. सरपंचाचा चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला मात्र ताजा लागतो.

आपल्या जिल्ह्यासाठी सैन्य भरती कार्यालय छावणीत आहे. जालना, परभणी, हिंगोली, नांदेडची पोरंही इथेच येतात, बीड-लातूरची पुण्याला जातात. शंका असेल तर तिथे जाऊन विचारा, चहाच्या टपरीवर नको. परीक्षेच्या फीशिवाय भरतीला एक रुपया लागत नाही. 'साहेब ओळखीचे आहेत, तीन लाखांत काम करतो' म्हणणारा भेटला तर तो फसवणार आहे हे धरून चाला. कॉम्प्युटरवर होणारी लेखी, घड्याळावरचं पळणं आणि मिलिटरीच्या डॉक्टरचं मेडिकल, यात त्याच्या हातात काहीच नसतं. पोरगा स्वतःच्या हिमतीवर पास झाला की हा पैसे ठेवतो, नापास झाला की फोन बंद. असा कोणी पैसे मागत असेल तर भरती कार्यालयाला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा, आणि ओरिजिनल मार्कशीट तर कुणाच्याही हातात देऊ नका.