साठ, नव्वद आणि त्यानंतरचा दिवस

भिलाईत अटक झालेला माणूस कच्चा कैदी म्हणून दुर्गच्या केंद्रीय कारागृहात जातो. पेशीच्या दिवशी घरचे लोक वकिलाला विचारतात, "चालान पेश हुआ क्या?" चालान म्हणजे आपले दोषारोपपत्र. ते साठ किंवा नव्वद दिवसांत आले नाही, तर जामीन हा कैद्याचा हक्क होतो. कोर्टाच्या बोलीत त्याला ‘डिफॉल्ट बेल’ म्हणतात. कसूर तपास करणाऱ्यांची, म्हणून हे नाव.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तपासासाठी कोठडीची मुदत होती अवघी पंधरा दिवसांची. कागदावर हे मोठे उदार दिसते. पण तेवढ्यात तपास उरकत नसे. मग पोलीस अर्धेमुर्धे आरोपपत्र ठेवत आणि खटला तहकूब करण्याच्या कलम ३४४ चा आधार घेऊन कोठडी वाढवून घेत. तारखेमागून तारीख पडे आणि माणूस आतच राही. विधी आयोगाने १९६९ च्या ४१ व्या अहवालात या पळवाटेवर बोट ठेवले आणि पाळता येईल अशी मुदत सुचवली. १ एप्रिल १९७४ ला लागू झालेल्या संहितेच्या कलम १६७ मध्ये साठ दिवस आले. १९७८ च्या दुरुस्तीने गंभीर गुन्ह्यांसाठी नव्वद झाले. आजच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ मध्येही हीच मोजणी आहे.

मात्र हा हक्क आपणहून चालत येत नाही, मागावा लागतो. उदय आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुदत उलटल्यावर आणि आरोपपत्र येण्याआधी अर्ज केला, तर हा हक्क हिरावता येत नाही. उशीर झाला की तो गेला.

याचे मोल भिलाईने जवळून पाहिले. इथल्या कंत्राटी कामगारांत काम करता करता चाळिशीच्या सुमारास वकील झालेल्या सुधा भारद्वाज यांना २०१८ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झाली. त्यांना लावलेल्या यूएपीए या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात नव्वदचे एकशेऐंशी दिवस करता येतात. पुण्याच्या सत्र न्यायालयाने मुदत वाढवून दिली. तसा अधिकार त्या न्यायालयाला नव्हता, असे मुंबई उच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०२१ ला ठरवले. त्यांचा अर्ज वेळेत होता, म्हणून त्या भायखळ्याच्या तुरुंगातून बाहेर आल्या. आठ सहआरोपींना तोच जामीन नाकारला गेला, कारण त्यांचे अर्ज वेळेत नव्हते. आरोपांचा निवाडा या जामिनाने होत नाही. तरीही तुरुंगाचे दार एका अर्जाच्या तारखेवर उघडले किंवा बंद राहिले.

सुधाताई स्वतः वकील. ज्याला वकीलच नाही, त्याचे दिवस कोण मोजणार? हुसैनारा खातून खटल्यात १९७९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की मुदत भरलेल्या कैद्याची कोठडी वाढवण्याआधी दंडाधिकाऱ्याने त्याला या हक्काची जाणीव करून द्यावी. २०१७ मध्ये तोंडी मागणीही पुरेशी ठरली. मग एवढे करावे: पहिल्या रिमांडलाच वॉरंटवर पुढच्या पेशीच्या तारखेखाली साठाव्या किंवा नव्वदाव्या दिवसाची तारीखही लिहावी आणि ती कैद्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवावी. छत्तीसगढीत, हिंदीत, गोंडीत, जी त्याला कळते तीत.