मातीचे पाईप आणि मटण चॉप

न्यूयॉर्कच्या ३६व्या रस्त्यावर कीन्स नावाचं एक जुनं स्टेकहाऊस आहे, १८८५ सालचं. तिथे गेलात की मेनूकार्ड नंतर, आधी वर बघायचं. छताला लांब दांड्यांचे मातीचे पाईप एकमेकांना खेटून टांगलेले आहेत. एक-दोन खोल्यांत नाही, सगळीकडे. ५० हजारांहून जास्त आहेत म्हणे. धूळ कोण झटकत असेल, हा आपला भारतीय प्रश्न मला लगेच पडलाच :-)

हे पाईप फार नाजूक. प्रवासात मोडायचे. म्हणून १७व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये लोक आपला पाईप नेहमीच्या खानावळीतच ठेवून जायचे. कीन्सने ती पद्धत इकडे उचलली. प्रत्येक सभासदाच्या पाईपची नोंद व्हायची, जेवण झालं की पोऱ्या तो शोधून आणून द्यायचा. थिओडोर रूझवेल्ट, बेब रूथ, जे. पी. मॉर्गन, आइन्स्टाइन अशी मंडळी त्या यादीत आहेत. मालक अल्बर्ट कीन मुळात लॅम्ब्स नावाच्या नाटकवाल्यांच्या क्लबशी जोडलेला, आणि आजूबाजूला सगळी थिएटरं. नट दोन अंकांच्या मधे रंगवलेल्या तोंडानेच मागच्या दाराने येऊन पोटात काहीतरी ढकलून जायचे असं सांगतात. भिंतीवर नाटकाची एक जाहिरात-पत्रिका फ्रेम करून लावलेली आहे. १४ एप्रिल १८६५ ला फोर्ड्स थिएटरमध्ये गोळी लागली तेव्हा ती लिंकनच्या हातात होती, असा कीन्सचा दावा आहे.

तर, या यादीतली नावं वाचता वाचता लक्षात येतं, की ही जवळजवळ सगळी पुरुषांची पंगत आहे. आणि हा काही योगायोग नव्हे.

स्टेकहाऊसचं मूळ लंडनच्या चॉपहाऊसमध्ये. व्यापारी, कारकून, दलाल यांनी दुपारी यायचं, भाजलेला चॉप आणि बिअर घ्यायची, धंद्याच्या गप्पा मारायच्या. बायकांचं तिथे काय काम? अमेरिकेत हे आलं आणि त्यात गोमांसाची भर पडली. १८६५ साली शिकागोत युनियन स्टॉक यार्ड्स सुरू झाले, १८८०च्या सुमारास बर्फाच्या रेल्वे-डब्यांतून मांस पूर्वेला यायला लागलं, आणि न्यूयॉर्कच्या मध्यमवर्गालाही जाड स्टेक परवडू लागला.

आणि मग 'बीफस्टेक'. म्हणजे पदार्थ नव्हे, त्या नावाची जेवणावळ. राजकीय क्लब, संघटना वगैरे लोक ती घालायचे. जोसेफ मिचेलने १९३९ साली 'न्यूयॉर्कर'मध्ये त्यावर एक सुरेख लेख लिहिलाय, मिळाला तर जरूर वाचा. पुरुष ॲप्रन बांधून खोक्यांवर बसायचे. काटे-चमचे नाहीत. बटरमध्ये बुडवलेले मांसाचे काप पावाच्या तुकड्यावर यायचे, ते हातानेच खायचे, हात ॲप्रनला पुसायचे आणि वर बिअर. पोट तुडुंब भरेपर्यंत वाढप चालूच. मी वाचताना म्हटलं, अरे ही तर आपल्याकडची आग्रहाची पंगत, फक्त जिलबीच्या जागी बैल!

१९२० साली अमेरिकन बायकांना मताचा हक्क मिळाला. मतं हवीत तर बायकांनाही बोलवायला हवं, म्हणून राजकीय क्लबांनी त्यांना बीफस्टेकला बोलवायला सुरुवात केली. मग फळांचं कॉकटेल आलं, सॅलड आलं, वाद्यवृंद आले. जुने लोक हळहळले, की बायकांनी बीफस्टेकची वाट लावली. मला मात्र त्यात गंमत वाटते. मतपेटीने खाण्याच्या टेबलावर काटा-चमचा आणला! (आमच्या उत्तर न्यू जर्सीत अजून असे बीफस्टेक होतात, बहुधा कशाच्या तरी मदतनिधीसाठी. पावाचे तुकडे समोर रचून ठेवायचे, म्हणजे किती खाल्लं त्याचा हिशेब.)

कीन्समध्ये हा दरवाजा त्याआधीच ढकलला गेला होता. लिली लँगट्री ही तेव्हाची मोठी नटी, इंग्लंडच्या युवराजाची एके काळची मैत्रीण. तिला बाई म्हणून आत घेतलं नाही. तिने १९०५ साली सरळ कोर्टात खेचलं आणि जिंकली. मग पिसांचा बोआ गळ्यात टाकून आली आणि मटण चॉप मागवला, असं कीन्सवाले आता अभिमानाने सांगतात. तिच्या नावाची खोलीसुद्धा आहे. ज्यांनी अडवलं तेच आता तिचं नाव मिरवतात. असो.

मला हे सगळं शोधावंसं का वाटलं, तर माझ्या पहिल्या नोकरीत (कंपनीचं नाव राहू दे) महत्त्वाचं काय ते स्टेकहाऊसमध्ये ठरायचं. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना हलवायच्या, आणि सोमवारी कळायचं की शुक्रवारी रात्री चौघांनी जेवताना भलतंच ठरवलंय. मला कुणी 'येऊ नको' म्हटलं नाही. "तू तर बीफ खात नाहीस ना, तुला कंटाळा येईल," इतकंच. किती प्रेमळ वाक्य आहे बघा! लँगट्रीबाईंना निदान खटला भरता आला. या वाक्यावर कुठल्या कोर्टात जाणार? मी पुढच्या वेळी न विचारताच गेले. बटाट्याचा लगदा आणि क्रीम घातलेला पालक खाल्ला, पण बोलले भरपूर.

आणखी एक बाई सांगायलाच हवी. ब्रुकलिनमध्ये विल्यम्सबर्ग पुलाजवळ पीटर ल्यूगर आहे, १८८७ सालचं. तेव्हा बिलियर्ड्स आणि बोलिंगसकट जर्मन पुरुषांचा अड्डा. पीटर गेल्यावर ते रडतखडत चाललं. १९५० साली समोरच्या धातूच्या कारखान्याचे मालक सॉल फोरमन यांनी ते लिलावात विकत घेतलं, कारण त्यांचं रोजचं जेवण तिथेच असायचं. पण मांस कसं निवडायचं हे त्यांना कुठे माहीत? ते काम त्यांच्या पत्नी मार्शा यांनी घेतलं. सरकारी प्रतवारीतून निवृत्त झालेल्या एका जाणकाराकडे त्या दोन वर्षं शिकल्या. घाऊक बाजारातल्या थंडगार गोदामात, कसायांच्या गर्दीत उभं राहून मांसातल्या चरबीच्या रेषा बघायच्या, रंग बघायचा, आणि पसंत नसेल तर सरळ परत. पुढे त्यांच्या मुली आणि नातही त्याच कामात आल्या. म्हणजे ज्या टेबलावर पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या मिशीवर ताव दिला, त्या ताटात काय पडणार हे या घरातल्या बायका ठरवत होत्या.

२०१९ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या पीट वेल्सने ल्यूगरला शून्य तारे दिले तेव्हा इथे केवढा गहजब झाला होता. तरी रांग काही हटली नाही. माझं मत विचाराल तर मला कीन्स जवळचं, कारण तिथे माझ्यासारखीला खाण्याजोगं काहीतरी मुळातच आहे. चॉपहाऊसच्या काळापासूनचा मटण चॉप.

आई, तू फोनवर विचारशीलच, म्हणून आधीच सांगून टाकते: बोकडाचं नाही, मेंढीचं. मसाला म्हणशील तर मीठ-मिरी. आपल्या रविवारच्या रश्शाची सर नाही. पण एक चॉप दोघांना पुरून उरतो, आणि उरलेला घरी आणून मी त्याला कांदा-खोबऱ्याचं वाटण लावलं.